कुडाच्या घरातला लॉर्ड : नैरोबी, न्जोरो, सॉयसांबू

कागदावर आडनाव चोल्मोंडेली, तोंडी उच्चार ‘चमली’. ह्यू चमली, तिसरा बॅरन डेलामेअर. जन्म १८७०. सतराव्या वर्षी किताब आणि चेशायरमधली व्हेल रॉयलची जहागीर गळ्यात पडली. एकविसाव्या वर्षी हा सोमालीलँडला सिंहाच्या शिकारीला गेला आणि मग जातच राहिला. १८९४ मध्ये एका सिंहानं पायाचा चावा घेतला, ते लंगडणं जन्मभर राहिलं. १८९७ मध्ये उत्तरेचं वाळवंट ओलांडून तो लायकिपियाच्या हिरव्या पठारावर पोचला आणि १९०३ पासून ब्रिटिश पूर्व आफ्रिका, म्हणजे आजचा केनिया, हेच त्याचं घर झालं.

त्याच्याबद्दल सांगणारे बहुतेक जण हॉटेलातली दंगामस्ती तरी सांगतात, नाही तर त्याला वसाहतीचा शिल्पकार वगैरे ठरवतात. दोन्हीत शेती राहून जाते. जमीन कशी मिळाली, तिच्यावर काय मेलं आणि का मेलं, हे बघायचं असेल तर पाच दिवस पुरतात. अट एकच : नैरोबीहून थेट न्जोरो, म्हणजे त्याची पहिली शेती, गाठायचं आणि सॉयसांबू, म्हणजे दुसरी, परतीच्या वाटेवर ठेवायचं. रस्त्यात सॉयसांबू आधी लागतं, तरी आत वळायचं नाही. माणूस आधी न्जोरोला बुडाला आणि मग सॉयसांबूला तरला. क्रम उलटा केला की एक श्रीमंत कुरण तेवढं दिसतं.

निघण्याआधी

महिना सप्टेंबर धरावा. मोठा पाऊस सरलेला असतो, छोटा यायचा असतो आणि न्जोरोच्या शेतांत गहू उभा असतो. मुंबईहून नैरोबीला थेट विमानानं सहा तासांच्या आसपास लागतात, घड्याळ अडीच तास मागे करायचं. व्हिसाऐवजी आता ऑनलाइन प्रवास-परवाना घ्यावा लागतो. तो निदान आठवडाभर आधी मागावा. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी टोचून पिवळं कार्ड जवळ ठेवायचं. हे कार्ड जाताना विचारतील न विचारतील, पण खरी फजिती परत येताना होते : ते नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा खाऊच्या पुड्या कापडी पिशवीत. गाडी उंच चाकांची घ्या, आणि ताब्यात घेतानाच जादा चाक नि जॅक तपासा. सॉयसांबूतले बाभळीचे काटे टायरमधून आरपार जातात.

पहिला दिवस : नैरोबी

सकाळ रेल्वे संग्रहालयात घालवावी. मोंबासाहून १८९६ मध्ये निघालेला हा मीटरगेज रस्ता १८९९ मध्ये नैरोबीला आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. रेल्वेवर अफाट पैसा खर्च झाला होता आणि वाटेत वाहायला माल नव्हता. माल पिकवायला गोरे शेतकरी बोलवा, हे कमिशनर सर चार्ल्स इलियट यांचं धोरण होतं. डेलामेअरला जमीन मिळाली ती या हिशेबातून.

त्या काळी इथलं चलन आपला रुपया होतं, १९२० पर्यंत. फौजदारी कायदाही हिंदुस्थानचा. कचेऱ्यांतले कारकून बरेचसे गोव्याचे, आणि गावातला पहिला खाजगी डॉक्टरही गोव्याचाच : रोझेंदो आयर्स रिबेरो. हे डॉक्टर पाळीव झेब्र्यावर बसून रोगी बघायला जात. १९०२ मध्ये बाजारात प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं आणि सरकारनं अख्खा इंडियन बाजार जाळून टाकला.

दुपारी केन्याटा अव्हेन्यू पायी. याचं जुनं नाव डेलामेअर अव्हेन्यू. त्याचा पुतळा इथेच होता, स्वातंत्र्याच्या वेळी काढला. तो चौथ्या दिवशी भेटेल. नॉरफोक हॉटेल १९०४ च्या नाताळात उघडलं. तिथे इतके किताबवाले उतरत की लोक त्याला ‘हाउस ऑफ लॉर्ड्‌स’ म्हणत. मुथैगा क्लब १९१३ च्या शेवटच्या रात्री सुरू झाला, तो बाहेरूनच बघायचा. आत सभासदाच्या ओळखीशिवाय सोडत नाहीत.

मुथैगाच्या फाटकाशी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पठारावरची जमीन गोऱ्यांखेरीज कुणाला मिळू नये आणि हिंदी लोकांना बरोबरीचा मतदानाचा हक्क मिळू नये, या मागण्यांचा पुढारी डेलामेअरच होता. १९२३ मध्ये हा वाद लंडनला गेला तेव्हा गोऱ्यांच्या शिष्टमंडळात डेलामेअर होता आणि हिंदुस्थानच्या बाजूनं श्रीनिवास शास्त्री, म्हणजे गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे. निकाल असा लागला : हिंदी लोकांना वेगळ्या मतदारसंघातून पाच जागा, गोऱ्यांना अकरा, पठार गोऱ्यांकडेच, आणि आफ्रिकींचं हित सर्वोच्च असं एक वाक्य. त्या वाक्यानं गोऱ्या शेतकऱ्यांना बोचायचं तेवढं बोचलं. जमीन मात्र जागची हलली नाही.

दुसरा दिवस : नैरोबी ते नाकुरू, १६० किलोमीटर

सकाळी साडेसहाला निघा. उशीर झाला की मालट्रकांच्या मागे अडकायला होतं. लिमुरूच्या पुढे दोन रस्ते फुटतात. वरचा महामार्ग रुंद आहे. खालचा माई माहिउचा घाट अरुंद, दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी बांधलेला, आणि पायथ्याशी त्यांचंच एक चिमुकलं चर्च आहे. जाताना वरचा घ्यावा. सकाळी घाटमाथ्यावर धुकं असतं आणि खालच्या रस्त्यावर ट्रकवाले धुक्यातही ओव्हरटेक करतात.

सुमारे २,४०० मीटरवरच्या कुठल्याही कठड्याशी गाडी लावा. धुकं फाटलं की खाली खचदरी उलगडते, समोर लोंगोनोटचा ज्वालामुखी. पहिल्या गोऱ्यांना ही दरी ‘रिकामी’ दिसली. का दिसली, ते इथेच सांगितलेलं बरं. १८८७ मध्ये इटालियन फौजेनं मसावा बंदरात आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या शिंगात बुळकांडी शिरली. ती गुरं हिंदुस्थानातून आली असावीत असं मानलं जातं. तीन-चार वर्षांत साथ मसाईंच्या कळपांत पोचली आणि बहुतेक गुरं मेली. मागोमाग देवी आणि दुष्काळ. गुरांवर जगणारा समाज गुरं गेल्यावर विखुरला, कुरणं ओस पडली. गोरे शेतकरी आले ते नेमके या पडत्या काळात. ऑगस्ट १९०४ मध्ये मसाईंशी करार झाला : खचदरी सोडा, लायकिपियात आणि दक्षिणेत जा, हे कायमचं. हे ‘कायमचं’ सात वर्षं टिकलं. १९११ मध्ये दुसरा करार करून लायकिपियाही सोडायला लावलं. मसाई १९१३ मध्ये कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, हा दोन सार्वभौम सत्तांमधला तह आहे, आम्हाला यात बोलता येत नाही. ज्यांना स्वतःच्या कुरणात राहायचा अधिकार नव्हता ते दाव्यापुरते सार्वभौम ठरले.

नैवाशा, गिलगिल, एल्मेंटाइटा मागे टाकत दुपारी नाकुरू. संध्याकाळी मेनेंगाईचं विवर बघून यावं. नाकुरू सरोवराचं पाणी गेल्या दशकात इतकं वाढलं की राष्ट्रीय उद्यानाचं जुनं फाटकच बुडालं. फ्लेमिंगोंच्या आशेनं जाणार असाल तर आधी चौकशी करा.

तिसरा दिवस : न्जोरो

नाकुरूहून नैऋत्येला वीसेक किलोमीटर, रस्ता चढणीचा. न्जोरो २,१०० मीटरच्या वर आहे, सकाळी स्वेटर लागतो. विषुववृत्त उत्तरेला जेमतेम ३५-४० किलोमीटर, म्हणून डेलामेअरच्या शेताचं नाव ‘इक्वेटर रँच’.

जमिनीसाठीचे पहिले दोन अर्ज नामंजूर झाले. तिसऱ्याला १९०३ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं १,००,००० एकर मिळाले : सुमारे ४०० चौरस किलोमीटर, मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडी कमी. भाडं वर्षाला २०० पौंड, आणि पाच वर्षांत ५,००० पौंड जमिनीवर खर्च करायची अट. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत. म्हणजे भाडं ३,००० रुपये, एकरी अर्धा आणा. फुकटच म्हणायचं. खर्चाची अट मात्र फुकट नव्हती. भांडवल व्हेल रॉयलवर कर्ज काढून यायचं.

घर म्हणजे कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, मातीची जमीन, आणि त्या मातीवर विलायतेहून आणलेलं जहागिरीतलं फर्निचर. बायको लेडी फ्लॉरेन्स, एनिस्किलनच्या अर्लची मुलगी, अशाच घरात राहिली आणि नवरा बाहेर असताना शेताचा कारभार तिनंच बघितला. ती १९१४ मध्ये गेली. तो पहाटे अंधारात उठे. संध्याकाळी मसाई गुराखी घरात येऊन बसत आणि तो त्यांच्याशी त्यांच्या भाषेत गुरांवर बोलत राही. ही दोस्ती खरी होती. ज्यांची जमीन आपल्याकडे आली त्यांच्याशीच ती होती, हेही तितकंच खरं.

आता काय काय मेलं ते. आधी मेंढ्या. न्यूझीलंडहून मेरिनो माद्या आणल्या, विलायतेहून नर. गवत गुडघाभर, पाणी मुबलक, आणि मेंढ्या खात-खात वाळत गेल्या. बहुतेक मेल्या. कारण गवतात नव्हतं, मातीत होतं. या ज्वालामुखी मातीत कोबाल्ट फार कमी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू कोबाल्टपासून ब-१२ जीवनसत्त्व बनवतात; कोबाल्ट नाही तर ते नाही, मग रक्त कमी आणि भरल्या कुरणात उपासमार. या दुखण्याला पुढे ‘नाकुरूआयटिस’ असंच नाव पडलं. कोबाल्टचा उलगडा १९३५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात झाला, म्हणजे डेलामेअर गेल्यावर. मसाईंना कोबाल्ट ठाऊक नव्हता, पण इथे गुरं राखू नयेत हे ठाऊक होतं. ही जमीन मोकळी का, हे लॉर्डसाहेबांनी अर्ज करण्याआधी विचारलं असतं तर बरेच पौंड वाचले असते.

मग गुरं. विलायती वळू आणून देशी गायींवर सोडले. एक साथ फुफ्फुसदाहाची, दुसरी गोचीड तापाची. इकडचा गोचीड ताप आपल्याकडच्या थायलेरियाचाच भाऊबंद, पण जास्त जहाल : तपकिरी गोचीड कानाला चिकटते, लसिकाग्रंथी सुजतात, ताप चढतो आणि विलायती जनावर दोन-तीन आठवड्यांत जातं. देशी वासरांतली जी लहानपणी यातून तगतात ती पुढे टिकतात. यावर पुढे दोन उपाय रुळले. एक, आर्सेनिकच्या पाण्याचा हौद, ज्यातून कळप ठरावीक दिवसांनी पोहून काढायचा. दोन, शुद्ध विलायतीचा हट्ट सोडून संकर. त्यातही घाई महागात पडते : विलायती रक्त जितकं चढवाल तितकं दूध वाढतं आणि तितकीच तग कमी होते.

तिसरं पीक, गहू. इथे गाडीतून उतरा. न्जोरोला केनियाच्या कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र आहे. आत जायला आधी लेखी परवानगी लागते. ती नसेल तर रस्त्याकडेचं कुठलंही शेत चालेल, फक्त मालकाला विचारा. ओंबीच्या खालचं खोड धरून अंगठा वरून खाली ओढा. तांबेरा असेल तर अंगठ्याला विटकरी भुकटी लागते आणि खोडावर लांबट फाटके फोड हाताला कळतात. खोड चिरलं की अन्नपाणी वर चढत नाही. ओंबी उभी दिसते, दाणा मात्र सुरकुतलेला.

डेलामेअरनं हजारावर एकर गहू पेरला आणि तांबेऱ्यानं तो खाल्ला. विषुववृत्तावर हिवाळा नाही. वेगवेगळ्या उंचीवर बारा महिने कुठे ना कुठे हिरवा गहू असतो, त्यामुळे बुरशीला मरायला वेळच मिळत नाही. शिवाय रोगाच्या जाती अनेक. एका जातीला तोंड देणारा वाण दुसरीपुढे लोळतो. त्यानं स्वखर्चानं शास्त्रज्ञ ठेवला, प्रयोगशाळा उभी केली, इटलीचे आणि ऑस्ट्रेलियाचे वाण एकमेकांशी जुळवले. १९२७ मध्ये सरकारनं न्जोरोलाच पैदास केंद्र काढलं. १९९९ मध्ये युगांडात ‘यूजी-९९’ नावाचा खोडाचा तांबेरा सापडला, आणि त्यापायी जगभरचे गहू न्जोरोला आणून मुद्दाम तांबेऱ्यात उभे करून तपासतात. त्यांत भारतातले वाणही असतात. महाबळेश्वरचं गहू गेरवा संशोधन केंद्र ज्यांनी पाहिलंय त्यांना ही वाफ्यांची मांडणी ओळखीची वाटेल : मधे मधे रोग पसरवणाऱ्या ओळी, त्यांच्या बाजूला परीक्षेचे वाण.

गहू दळायला डेलामेअरनं १९०८ मध्ये ‘उंगा’ कंपनी काढली. उंगा म्हणजे स्वाहिलीत पीठ. नाकुरूच्या कुठल्याही दुकानात, ज्याला इथे ‘दुका’ म्हणतात, या कंपनीचं पीठ आजही मिळतं.

परतताना एगर्टन कॅसल. चौथा बॅरन एगर्टन, मॉरिस, यानं १९३८ ते १९५४ असा वेळ घेऊन पन्नासहून जास्त खोल्यांचा दगडी वाडा बांधला, लग्न केलं नाही आणि बायकांना आवारात येऊ दिलं नाही. नकार देणाऱ्या राजकन्येची गोष्ट गाइड सांगेल, ऐकून सोडून द्यावी. याच गृहस्थानं १९३९ मध्ये शेतकी शाळा काढली, तिचं आज विद्यापीठ झालंय. तासभर पुरे.

चौथा दिवस : सॉयसांबू

नाकुरूहून नैरोबीच्या दिशेनं तीसेक किलोमीटर. आरक्षण आधी करा, आणि कबर नि पुतळा बघायचा आहे हे तेव्हाच कळवा. दोन्ही खाजगी हद्दीत आहेत, फाटकावरचा माणूस आयत्या वेळी सोडेलच असं नाही.

न्जोरोहून इथे उतरलं की फरक दहा मिनिटांत कळतो. हवा कोरडी, गवत आखूड, मधे करड्या लेलेश्वाची झुडपं, खाली एल्मेंटाइटा सरोवराचं खारं, उथळ पाणी. काठाजवळ चालताना पांढरा सोड्याचा पापुद्रा बुटाखाली कुरकुरतो आणि तो मोडला की खाली काळा चिखल, पाय घोट्यापर्यंत आत. गाडी पापुद्र्यावर नेऊ नये. वरून टणक दिसतो, चाक रुतलं की ट्रॅक्टर मागवावा लागतो.

डेलामेअरनं ही जमीन १९०६ मध्ये घेतली, आधी ५०,००० एकर, पुढे बरीच वाढवली. न्जोरोच्या मानानं पाऊस कमी, गवत विरळ. कागदावर हा तोट्याचा सौदा. पण याच कुरणांत मसाई पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत होते, आणि दोन वर्षांपूर्वी करारानं इथून हललेही होते. मातीत आणि पाण्यात क्षार होते, आखूड गवतात जंतांचा त्रास कमी. मेंढ्या जगल्या. पद्धत सोपी आणि सावकाश : मसाईंची केसाळ देशी मेंढी, तिला मेरिनो नर. पहिल्या पिढीत निम्मं रक्त, केस आणि लोकर मिसळ. त्या माद्यांना पुन्हा शुद्ध नर, की पाऊण. विकण्याजोगी लोकर हाती यायला आणखी पिढ्या लागतात, तोवर मांस आणि खत यांवरच भागवायचं. राखणीला मसाईच ठेवले, आता पगारावर.

पैसे इथे मिळाले आणि ते पुन्हा गव्हात, राजकारणात, नव्या जमिनीत गेले. १३ नोव्हेंबर १९३१ ला तो वारला तेव्हा मागे प्रचंड कर्ज होतं. कबर इथेच आहे. नैरोबीहून आणलेला कांस्यपुतळाही इथेच, समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसलेला. या डोंगराला पर्यटक ‘झोपलेला योद्धा’ म्हणतात. आसपासचे लोक त्याला ‘डेलामेअरचं नाक’ म्हणतात. आडवं पाहिलं की नाक खरंच दिसतं.

आज ४८,००० एकरांवर २००७ पासून अभयारण्य आहे, गुरंही आहेत. रॉथशिल्ड जिराफ आणि पेलिकन हमखास दिसतात. सरोवर २०११ पासून जागतिक वारशात आहे. घराण्याचं पुढचं पानही याच जमिनीवरचं : २००५ आणि २००६ मध्ये लॉर्डच्या पणतूच्या गोळीनं दोन माणसं मेली. पहिला खटला सरकारनं मागे घेतला, दुसऱ्यात २००९ मध्ये सदोष मनुष्यवधाचा दोष ठरून आठ महिन्यांची शिक्षा झाली. केनियात ‘डेलामेअर’ हे नाव आज निघतं ते बहुधा या खटल्याच्या संदर्भात.

पाचवा दिवस : केकोपी, नैवाशा, परत

सकाळी सरोवराच्या वरच्या अंगाला, केकोपीला, ‘चर्च ऑफ गुडविल’, १९४९ चं. डेलामेअरचा मेव्हणा गॅलब्रेथ कोल याच्या आठवणीत त्याच्या बायकोनं बांधलं. या कोलनं १९११ मध्ये मेंढी चोरणाऱ्या एका आफ्रिकी माणसाला गोळी घातली. गोऱ्या ज्युरीनं सोडलं, पण लंडनच्या दबावामुळे त्याला हद्दपार व्हावं लागलं. नंतर तो परतला. चर्चची किल्ली जवळपासच्या माणसाकडे असते, विचारल्यावर अर्ध्या तासात येते.

नैवाशात जेवण. ओसेरियनचा ‘जिन पॅलेस’ हा गोऱ्या ऐषारामी मंडळींचा वाडा, त्यांतल्याच लॉर्ड एरोलचा १९४१ मधला खून, बदललेल्या बायका-नवऱ्यांची यादी, हे सगळं इथे हौसेनं सांगतात. त्याला एक तास द्यावा. त्या मंडळींनी शेती अशी फारशी केलीच नाही. नैवाशाजवळ महामार्गावरच्या थांब्याला लोक अजून ‘डेलामेअर’ म्हणतात. बस थांबते, माणसं दही घेतात, निघतात. घाट चढायचा तो तीनच्या आत. नंतर ट्रकांची रांग लागते आणि लिमुरूला अंधार पडतो.